पत्र्यातली तारली

मासळी पत्र्याच्या डब्यात कोंडून वर्ष वर्ष ठेवावी आणि मग ती मिटक्या मारत खावी, हे माझ्या आत्याला मान्य नाही. मला ते मनापासून मान्य आहे. आत्या जन्मापासून मालवणात आहे. बाजारात तिने कल्ला उचलला की विकणारी बाई भाव चढवायचं थांबते. मी काही वर्षं नोकरीसाठी पोर्तुगालात, पोर्तो शहरात होते आणि तिथे डबाबंद तारलीची कायमची चाहती झाले. यंदा जुलैत आत्याकडे गेले तेव्हा पिशवीत डबे होते. पावसाळी मासेमारीबंदी चालू होती, होड्या वर ओढलेल्या होत्या आणि बोलायला वेळच वेळ होता. आत्या मालवणीत बोलते; इथे तिचं बोलणं सगळ्यांना वाचता येईल अशा मराठीत लिहिलं आहे.

आत्या : मासळी घेताना मी काय बघते? कल्ला लाल आहे का, डोळा तकतकीत आहे का, अंगठा दाबला तर खड्डा राहतो का. तुझ्या डब्यावर मी अंगठा कुठे दाबू गो?

मी : डब्यावर नाही, पण उघडलास की सगळं कळतं. तारली नाजूक. पोट भरलेलं असताना जाळ्यात आली, तर मेल्यावर तिच्याच पोटातला पाचक रस तिला आतून खायला लागतो...

आत्या : हे मला नको शिकवू. तारली दुपारपर्यंत ठेवली की पोट फुटतं. म्हणून सकाळी आणायची आणि सकाळीच चुलीवर चढवायची.

मी : मग माझा मुद्दा तूच मांडलास. शिळ्या तारलीचं पोट डब्यात जायच्या आधीच, वाफेवरच फाटतं. डबा उघडल्यावर मासे अख्खे दिसले, पोट शिवल्यासारखं बंद असलं, कातडी चमकत असली, की समजायचं मासा ताजाच भरलाय. म्हणून तर हे कारखाने पहिल्यापासून बंदराला चिकटून उभे राहिले.

आत्या : पण हे सगळं पैसे मोजल्यावर कळणार. मी आधी बघते, मग कनवटीला हात घालते.

इथे आत्याचं बरोबर आहे. डबा घेणं म्हणजे भरणाऱ्यावर विश्वास टाकणं. उपाय एकच, कारखान्याची ओळख करून घ्यायची. एकाच नावाचे डबे पुन्हा पुन्हा चांगले निघाले तर त्याच्याकडे जायचं, फसवणूक झाली तर सोडायचं. आत्याची ठरलेली मासेवालीही अशीच वर्षांच्या पारखीतून ठरली आहे. मात्र मासेवालीशी भांडता येतं, डब्याशी येत नाही, हे आत्याने लगेच ऐकवलं.

मी : बरं, तो मासा डब्यात कसा जातो ते तरी ऐक. पोर्तोला लागून मातोझिन्यूश नावाचं बंदर आहे. तिथल्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत आजही बहुतेक काम हातानेच चालतं. डोकं आणि आतडी एकाच हिसक्यात काढतात. मग मासा थोडा वेळ मिठाच्या पाण्यात. मग तारेच्या जाळीवर रांगेत लावून वाफेवर. निवला की बायका लांब टेबलाशी उभ्या राहून कात्रीने शेपट्या कापतात आणि डब्याच्या मापाने मासे बसवतात, एकाचं डोक्याकडचं टोक तर शेजारच्याचं शेपटीकडचं. वर ऑलिव्हचं तेल. मग झाकण दाबून बंद करायचं आणि डबे मोठ्या बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली तापवायचे, शंभर अंशांच्या बऱ्याच वर.

आत्या : दोनदा शिजवलं. मग चव कुठे उरणार?

मी : ताज्याची चव उरत नाही, हे मी कबूल करते. वेगळी चव येते. त्या दुसऱ्या शिजण्यात काटा मऊ होतो. आणि खरं काम त्यानंतर होतं. महिने जातात तसं तेल माशात उतरतं आणि माशाची चरबी तेलात. फ्रान्समध्ये पकडीचं वर्ष छापलेले डबे मिळतात. शौकीन लोक ते वर्षानुवर्षं ठेवतात, मधूनमधून उलटे करतात, म्हणजे तेल सगळीकडे सारखं फिरतं. कैरीचं लोणचं तू पहिल्या आठवड्यात कुठे काढतेस?

आत्या काही न बोलता डबा उचलून बघू लागली. एवढ्या पातळ पत्र्यात काही नासत कसं नाही, हे तिला समजून घ्यायचं होतं. मी तिला निकोला आपेरची गोष्ट सांगितली. हा पॅरिसजवळचा मिठाईवाला. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही रीत त्याने बसवली आणि 1810 साली फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. पुढे 1820 च्या दशकात नांत शहरात पिएर-जोसेफ कोलँ याने तेलातल्या तारल्या डब्यात भरून विकायला सुरुवात केली. डब्यातलं अन्न का टिकतं, हे मात्र लुई पाश्चरच्या कामातून कळलं आणि ते 1860 च्या दशकात.

आत्या : म्हणजे का टिकतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि चाळीस वर्षं लोक खात होते?

मी : सुका बांगडा का टिकतो ते तुझ्या आजीला कुणी सांगितलं होतं?

आत्या : आजीला सांगायची गरज नव्हती. तिला ऊन दिसत होतं, मीठ दिसत होतं. बिघडलं तर वास येत होता. तुझ्या डब्यात बिघडलं तर?

मी : डबा फुगतो. फुगलेला, सांध्याला गळणारा, खोल चेपलेला डबा उघडायचासुद्धा नाही, सरळ टाकायचा. आत हवा नसते, आणि जिला हवा नको असते अशी एक जिवाणूची जात आहे, बॉट्युलिनम. तिचं विष माणसाला मारतं आणि त्याला वास येईलच असं नाही. 121 अंशांवर तीन मिनिटं ही तिचे बीजाणू मारायची किमान मोजणी धरतात. कारखाने त्याहून जास्तच तापवतात. म्हणून हा उद्योग घरच्या चुलीवर करायचा नाही.

आत्या : मग माझं खारंच बरं. त्याला मी चुलीचीसुद्धा दगदग करत नाही.

आणि खारं म्हटल्यावर मला सान्तोन्याचं अँकोव्ही आठवलं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या सिसिलीचे खारवणारे लोक तिथे आले आणि अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, पिंपात मिठाच्या थरांत दाबून ठेवू लागले. वर वजन ठेवायचं आणि महिनेच्या महिने थांबायचं. मांस तांबूस तपकिरी होतं, मग धुऊन, काटा काढून, पट्ट्या तेलात. हा डबा तारलीच्या डब्यासारखा तापवत नाहीत. तो मिठावरच टिकतो आणि थंड जागी ठेवावा लागतो. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. किती मीठ, पाणी सुटलं की काढतात की तसंच ठेवतात, वजन दगडाचं की लाकडाचं, असे प्रश्न तिने विचारले. तारलीच्या डब्याबद्दल तिने एवढं विचारलं नव्हतं. जी कला हाताला ठाऊक आहे तिच्याबद्दल माणूस अधिक बारीक विचारतो.

मग आम्ही डबा उघडला. मातोझिन्यूशचाच होता, तिखट. झाकण मागे गुंडाळल्यावर सोनेरी तेल वर आलं आणि त्याखाली चार तारल्या, पाठ निळसर, कुशीला चांदी. कडेला गाजराची एक चकती, काकडीच्या लोणच्याचा तुकडा, एक लवंग, तमालपत्राचा तुकडा, काळी मिरी आणि एक छोटी लाल मिरची. आत्याने चमच्याने लवंग वेगळी काढली, मिरी वेगळी काढली.

आत्या : हे आपल्याकडचं.

मी : मिरी मलबारची म्हणून तर पोर्तुगीज इकडे आले. मिरची त्यांनी अमेरिकेतून गोव्याला आणली. तुझ्या तिखल्यात जी मिरची पडते तिचा मार्ग त्यांच्याच जहाजांवरचा.

आत्याने एक मासा उचलला, मधोमध उघडला आणि पाठीचा काटा अख्खा बाहेर काढला. तो तिने अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबला. ओल्या खडूसारखा त्याचा भुगा झाला. तिने तो भुगा जिभेवर ठेवला.

आत्या : काटा आहे आणि नाहीही.

मी : तो टाकायचा नाही. काट्यासकट एक डबा खाल्लास तर साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, पेलाभर दुधापेक्षा जास्त. शिवाय ड जीवनसत्त्व, बी-12, ओमेगा-3. लहान मासा म्हणून पाराही कमी. फक्त आतोबांना देऊ नकोस, त्यांचं युरिक अॅसिड वाढलेलं असतं.

आत्या : हे सगळं माझ्या ताज्या तारलीतही आहे.

मी : आहे. कॅल्शियम सोडून. तिचा काटा तू ताटाच्या कडेला ठेवतेस.

चवीबद्दल आत्या काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. मासा कोरडा नाही, पण मऊ पडलाय. वास चांगला, समुद्राचा आहे. मीठ नेमकं आहे. आंबट काही नाही, ते हवं होतं. यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटतो. या डब्याला लिंबू लागतंच. पावाचा तुकडा, त्यावर मासा, चिरलेला कांदा, लिंबाचे चार थेंब, एवढंच. गरम करायचं नाही, फोडणी द्यायची नाही. आत्याने मात्र स्वतःची वाट काढली. डब्यातलं उरलेलं तेल तिने उकड्या तांदळाच्या ऊन भातावर ओतलं, वर सोलाचा आगळ शिंपडला आणि कालवून खाल्लं. मला दिलेला घास मी पुन्हा मागितला.

आत्या : किंमत काय याची?

मी : तिथे साधारण चार युरो.

आत्या : चारशे रुपये! चार माशांना! हंगामात चारशे रुपयांची तारली आणली तर वाडीत वाटावी लागेल.

मी : वाटावी लागेल हेच म्हणते मी. रापण लागते, एका दिवशी एवढी तारली येते की वाट्याला कुणी विचारत नाही...

आत्या : आणि माडांच्या मुळात घालतात. आमच्या लहानपणी टोपल्याच्या टोपल्या घालत. तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावत.

मी : आणि आता ट्रक भरून फिशमीलच्या कारखान्यात जाते. तिची पूड होते आणि ती कोंबड्यांना, कोळंबीला घालतात. माणसाने खायचा उत्तम मासा! ज्या दिवशी मासा जास्त येतो त्या दिवसासाठीच डबा जन्माला आला.

आत्या : मग आपल्याकडे कुणी का भरत नाही?

प्रश्न साधा आहे आणि उत्तराला बरेच पदर आहेत. कोचीला 1957 पासून केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे. तारली डब्यात कशी भरावी यावर तिथे काम झालं, माशाची तयार आमटी थरांच्या लवचीक पाकिटात भरून टिकवायची पद्धतही तिथे बसवली गेली. म्हणजे ज्ञान नाही असं नाही. पण आपल्याकडे पत्र्याचा डबा आणि तेल यांचा खर्च आतल्या तारलीवर भारी पडतो, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ताजी मिळते तर तो डबा कशाला घेईल? घाटावरचा माणूस तारली खात नाही, त्याला सुरमई-पापलेट हवं. गरिबाची मासळी म्हणून तिला पाहुण्यांच्या ताटात जागा नाही. पोर्तुगालातही ती गरिबाचीच होती, पण त्यांनी तिला मान दिला. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. आपल्या किनाऱ्यावरची ही इतकी चविष्ट, इतकी पौष्टिक मासळी आपणच हलकी ठरवली.

आत्या : मी कधी हलकी ठरवली? पण तू एक सांग. जूनमध्ये तिथले लोक काय खातात? डबाच?

मी : नाही. 13 जूनला लिस्बनमध्ये सेंट अँथनीचा सण असतो. गल्लोगल्ली निखाऱ्यावर ताज्या तारल्या भाजतात आणि पावावर ठेवून खातात.

आत्या : बघ! सणाला ताजीच.

मी : सणाला ताजीच, बरोबर. डबा ताज्याची जागा घ्यायला आलेला नाही. सप्टेंबरची मासळी फेब्रुवारीत खाता यावी म्हणून तो आहे. तुझ्या डब्यातला जवळा ताज्या कोळंबीची जागा घेतो का? ते वेगळं खाणं आहे आणि वेगळ्या दिवसांचं आहे.

यावर आत्या गप्प राहिली, पण पटल्यामुळे नव्हे. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं.

आत्या : त्या कात्री घेऊन उभ्या असलेल्या बायका. त्यांना काय मिळतं?

डब्याचा प्रत्येक चाहता हा प्रश्न टाळतो, म्हणून आत्याने तो विचारला याचं मला बरं वाटलं. मी तिला दुआर्ननेबद्दल सांगितलं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं हे बंदर तारलीवर जगत होतं. पुरुष समुद्रात, बायका कारखान्यात. होड्या आल्या की रात्र असो की पहाट, बायकांना बोलावणं यायचं आणि मासा संपेपर्यंत काम चालायचं, कारण तारली थांबत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीही टेबलाशी असत. तासाला 80 सांतीम. नोव्हेंबर 1924 मध्ये त्या संपावर गेल्या, सव्वा फ्रँक मागत. दोन हजारांच्या आसपास कामगार, त्यात बहुतेक बायका. 1 जानेवारी 1925 ला संप मोडायला आणलेल्या लोकांनी गोळ्या झाडल्या. बायकांच्या बाजूने उभा राहिलेला महापौर दानिएल ल फ्लांशेक गळ्याला गोळी लागून जखमी झाला. पुढच्या काही दिवसांत मालक नमले. तासाला एक फ्रँक मिळाला आणि जादा तासांना, रात्रीच्या कामाला वेगळा दर. त्याच वर्षी जोसेफिन पाँकाले ही संपातली कामगार नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये बायकांना तेव्हा मताचा अधिकारच नव्हता, म्हणून तिची निवड रद्द झाली.

आत्या : निवडून येऊनसुद्धा?

मी : निवडून येऊनसुद्धा. फ्रेंच बायकांना मत मिळालं ते 1944 साली.

आत्या : मग चारशे रुपये जास्त नाहीत. त्यातले त्या बायकांना जात असतील तर.

मी : म्हणूनच मी रंगीत चित्रांच्या, जन्मसाल छापलेल्या पर्यटकी डब्यांना पैसे देत नाही. तिथे पैसे छपाईला जातात. साधा कागद गुंडाळलेला, माणसांनी हातांनी भरलेला डबा घ्यावा.

मासा उरेल का, यावर आमचं फार वेळ बोलणं झालं नाही, कारण तिथे आमच्यात मतभेदच नव्हता. तारली येते तशी जातेही. 1902 च्या सुमारास ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून ती नाहीशी झाली, पुढची कित्येक वर्षं पुरेशी आली नाही, आणि फ्रेंच कारखानदारांनी पोर्तुगालात बस्तान वाढवलं. कॅलिफोर्नियातलं माँटेरे तर या मासळीवर उभं राहिलं आणि ती गेल्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. आपल्याकडे केरळात 2012 साली चार लाख टनांच्या जवळपास तारली मिळाली, आणि 2021 साली साडेतीन हजार टनही नाही. पाण्याचं तापमान, पाऊस, खाद्य, अशी कारणं आहेत, आणि बारीक पिल्लं ओरबाडणारी जाळीही आहेत. आत्याचं म्हणणं, बंदीचे दोन महिनेही पुरत नाहीत. मीही तेच म्हणते.

आत्या : आता खरं सांगते. ऑगस्टात होड्या पाण्यात उतरल्या की तुझा डबा मला नको. पण आज, बंदीत, जवळा आणि सोडे सोडून तिसरं काही मिळत असेल तर मी खाईन. फक्त त्यात आपल्या तारल्या हव्यात.

मी : त्यांची जात वेगळी, आपली वेगळी, कूळ एक. ती सार्डिना पिल्चार्डस, आपली सार्डिनेला लाँगिसेप्स. आपली हंगामात इतकी तेलकट होते की डब्यात ती उत्तमच लागेल.

आत्या : आणि गाजर नको. तिरफळं घालायची. चार माशांना दोन, ठेचलेली, बी काढून.

मी : तिरफळ चालेल, त्याचा वास तेलात छान उतरेल.

आत्या : सोलं.

मी : आंबट पत्र्याला खातं. आतून लेप दिलेला डबा लागेल.

आत्या : मग तसा डबा घ्या. आंबटाशिवाय तारली मी तोंडात घालणार नाही. खाली हळदीचं पान. पेडवे आपण पानात करतो तसं.

मी : एवढ्या उष्णतेत पान काळं पडेल.

आत्या : पडू दे काळं. ते खायचं कुठे असतं? आणि तेल खोबरेल.

मी : थंडीत गोठेल ते. डबा उघडला की वर पांढरा थर दिसेल.

आत्या : उन्हात ठेवायचा घटकाभर.